नव्या जिल्ह्याची सतरावी मागणी

“साहेब, वयात येण्याचा धडा शाळेत कधी शिकवणार?”

आमदारांच्या जनता दरबारात हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती... आणि रुद्राणीनं विचारलं. टँकरसाठी दोनशे माणसं जमली होती. कुणाच्या तरी हातातली रिकामी घागर निसटून घरंगळत गेली.

आमदारांनी रुमालानं मान पुसली. आपला तालुका जिल्हा झाला की सगळं होतंय, म्हणाले. चाऱ्याला, बोअरला, सगळ्यांना ते हेच सांगायचे.

तरी अर्ज नोंदवायचाच म्हणून ती त्यांच्या सहायकासमोर उभी राहिली. मन्मथ त्याचं नाव. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि कान लाजेनं लालबुंद.

“कशाखाली लिहू?” त्यानं रजिस्टरलाच विचारलं. “पाणी, टँकर, चारा छावणी, नवा जिल्हा. चारच खाती हायेत आमच्याकडं.”

“पाचवं काढा की.”

“नाव काय देऊ त्याला...?”

“अर्जात लिहिलंय. लैंगिक शिक्षण. वाचा मोठ्यानं.”

त्यानं वाचलं, पण नुसते ओठ हलवून.

रुद्राणी लातूरला बी.एड. करत होती. सराव पाठासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, तर विज्ञानाच्या पुस्तकातली नेमकी तीच पानं गुरुजींनी स्टेपल करून टाकलेली. तिनं पिना उपसल्या आणि मुलींना सांगितलं, नाव न घालता प्रश्न लिहा. त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या. एकीत लिहिलं होतं, ‘बाई, मला रक्त जातंय, मी मरणार का?’ ती वाचून रुद्राणीचं हसू तिथंच विरलं होतं.

तीच चिठ्ठी तिनं आता मन्मथपुढं सरकवली. त्यानं वाचली, मान वर केली... आणि अगं बाई, डोळे किती बरे होते त्याचे.

“माझ्या बहिणीनं असंच विचारलं होतं,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांनी तिला गप्प बसवलं. मीबी गप्पच बसलो.”

मग दर सोमवारी ती एस.टी.नं येऊ लागली, अर्जाचं काय झालं ते विचारायला. अर्जाचं काहीच होत नव्हतं. मन्मथचं मात्र बरंच काही होत होतं. शर्टाला इस्त्री आली. दुष्काळात सगळ्यांना अर्धा कप चहा, हिला पाऊण. साहेबांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून तो एकेक चिठ्ठी समजून घ्यायचा. विसाव्या चिठ्ठीला त्याचे कान लाल व्हायचे थांबले.

“सगळ्याच अर्जांची इतकी चौकशी करता का हो?” तिनं विचारलं.

“बाकीचे अर्ज सत्तरीचे शेषेरावकाका आणतात,” तो म्हणाला.

नव्या जिल्ह्यासाठी मोठी सभा भरली. मागण्यांची यादी मन्मथनं लिहिली होती, आणि साहेब आधी वाचून बघणाऱ्यातले नव्हते. कलेक्टर कचेरी, कोर्ट, एस.टी. डेपो... प्रत्येक मागणीला टाळ्या.

“सतरावी मागणी. सर्व सरकारी शाळांत सर्वंकष लैंगि—”

साहेब अडखळले. पण सोळा वेळा टाळ्या वाजवलेली माणसं सतराव्यांदाही वाजवून मोकळी झाली, आणि बायकांच्या बाजूच्या टाळ्या थांबेचनात. समोर पत्रकार लिहून घेत होते. साहेबांनी माईक जवळ ओढला. “हाव. विधानसभेत मांडणार म्हंजे मांडणार.”

मन्मथची नोकरी पाचच मिनिटांत गेली. मंडपामागं तो रिकाम्या हातानं उभा होता.

“मुद्दाम केलंत?” रुद्राणीनं त्याला गाठून विचारलं.

“पाचवं खातं काढू देईनात. मग चौथ्यात, नव्या जिल्ह्यात घातलं.” त्यानं शर्टाची इस्त्री चाचपली. “आता कचेरीत मी नसणार... आन् मला तर तुमच्या सोमवाराची सवय लागलीय. बाकीचे सहा दिवसबी मागावं म्हणलालो. देता का?”

रुद्राणीनं होकाराची मान हलवली, जरा जास्तच जोरात.

त्याच संध्याकाळी ती घरी आई-वडिलांसमोर, अव्वा आणि अप्पांसमोर जाऊन बसली.

“अप्पा, रविवारी मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. मी मन्मथशी लग्न करणार हाय. त्याला सध्या नोकरी न्हाई, ती माझ्याच पायी गेली. आन् अव्वा, तारीख अधिवेशनानंतरची धर. साहेब सतरावी मागणी मांडतात का न्हाई, ते बघायला आम्ही दोघं मुंबईला जाऊन वर गॅलरीत बसणार हावोत.”