वाटेत थांबून आणलेला डबा

बूट चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं की आधी डोकं दुखतं, मग उगाच हसू येतं, मग काही कळेनासं होतं. मारिकिनात बूट शिवणाऱ्यांच्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी शिकवतात.

गार झालेली ग्रेव्ही थरथरते. चमचा काढून घेतला तरी चमच्याचा खळगा तसाच धरून ठेवते.

तातायचा, म्हणजे म्हाताऱ्या बापाचा, लुळा उजवा हात मांडीवर पडलेला असतो, बसमध्ये कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

मयताला बसून निघालं की सरळ घरी यायचं नाही. आधी दुसरीकडे कुठेतरी थांबायचं, चार घास खायचे, अंग झटकायचं, मग घर. मागून जे आलं असेल ते तिथेच राहतं.

थोरल्या लेकीच्या तार्लाकच्या घराला पुढे भिंत आहे, मागे भिंत आहे. नदी कुठूनच दिसत नाही.

*

डॅनिलोची शवपेटी दफन होईपर्यंत चॅपलमध्ये ठेवली होती, कारण ती घराचा जिना चढली नसती. खाली रोडेलचा कारखाना, म्हणजे एक खोली, कातड्याचे गठ्ठे आणि भिंतीला लावून ठेवलेले सोल्युशनचे डबे. वर राहायचं. जिना इतका अरुंद, की फ्रीजसुद्धा खिडकीतून दोर लावून आत घेतला होता.

मंगळवारी संध्याकाळी एडिथा, तिचा नवरा रोडेल आणि तार्लाकहून आलेली थोरली नणंद मेल्बा चॅपलमधून निघाले आणि रीतीप्रमाणे वाटेत थांबले. नाक्यावरच्या लाल पाटीच्या कोंबडीच्या दुकानात. रोडेलने सवयीने चौघांचं मागवलं. खाणारे तिघं. चौथी तंगडी, भाताची मूद आणि ग्रेव्हीचा पेला टेबलाच्या रिकाम्या बाजूला तसाच राहिला. तिकडे कुणी बघत नव्हतं.

शेवटी एडिथानेच दुकानातल्या मुलीकडे डबा मागितला.

"राहू दे इथेच," मेल्बा म्हणाली.

"अख्खी तंगडी आहे, मेल्बाताई."

"असू दे. इथे थांबतात ते सोडून जायला. उचलून न्यायला नाही."

"झटकायचं ते झटकलं ना आपण? आता ते काय भाताला चिकटून येणार आहे? उद्या दुपारी तातायना होईल. रोडेल दुपारी माल घेऊन बाहेर असतो, त्यांच्याकडे बघायला आता कोण आहे?"

इतकी वर्षं दुपारी तातायकडे डॅनिलोच बघायचा. तो रोडेलचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला, मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवणं पोचवणारा. दुपारी कुठेही असला तरी घरी यायचा, आदल्या दिवशीचं उरलेलं फ्रीजमधून काढायचा आणि बापाला गरम करून घालायचा. तंगडीची साल सोलून कोरड्या तव्यावर वेगळी कुरकुरीत करायचा. मांस धाग्याधाग्याने सोडवायचा, कारण तातायच्या तोंडात दात नव्हते. भातावर पाण्याचा हबका मारून ताटावर ताट पालथं घालायचा. हाडं ताटाच्या काठाशी ओळीने लावायचा, म्हणजे चुकून घशात काही जायला नको.

गेल्या रविवारी पुलाच्या उतारावर एका ट्रकने त्याला उडवलं. तातायना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुपारचं?"

*

बुधवारी दुपारी एडिथा पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यातून लगबगीने घरी आली. तिथे ती बुटांची वरची कातडी शिवते. सासऱ्यांना जेवायला घालून लगेच परत फिरायचं होतं.

जिन्यातच तिला वास आला. कोरड्या तव्यावर तडतडलेल्या सालीचा.

ताताय खिडकीतल्या खुर्चीत बसून डाव्या हाताने तोंड पुसत होते. पुढ्यात रिकामं ताट. शेगडीवरचा तवा हाताला चटका बसेल इतका गरम.

"ताताय, गॅस कुणी पेटवला?"

"जेवलो मी."

"ते दिसतंय. पेटवला कुणी?"

"रोजच्यासारखंच," ताताय म्हणाले आणि नदीकडे बघू लागले.

बरोबर खाली सोल्युशन होतं. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत असाच एक कारखाना पेटला होता. डबे फुटल्याचे आवाज तिला अजून आठवत होते. तिने तातायच्या डाव्या हातात लायटर दिला आणि म्हणाली, "लावून दाखवा बरं." त्या शेगडीचं बटण दाबून धरून फिरवावं लागे आणि त्याच वेळी लायटर मारावा लागे. तातायनी एकदा बटण धरलं, एकदा लायटर. मग तिच्याकडे बघून ओशाळं हसले.

तिला ते हसू खरं वाटलं नाही. म्हातारी माणसं लबाड असतात, असं तिला वाटलं.

संध्याकाळी चॅपलच्या पायरीवर तिने हे सांगितलं, ती चूकच झाली. मेल्बाने शांतपणे सगळं ऐकलं.

"खाली डबे, वर गॅस, आणि घरात हे एकटे. रोडेल, दफन झालं की मी तातायना तार्लाकला घेऊन जाते."

"तिकडे ते महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत," रोडेल म्हणाला. "मागे नेलं होतंस तेव्हा जेवणच सोडलं होतं त्यांनी. खिडकी कुठाय, खिडकी कुठाय, एवढंच म्हणत होते."

"इथे जळाले तर चालेल?"

आठवड्याच्या आत रोडेलचा भाऊ गेला होता, आता बापही चालला होता. एडिथा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं: हाच तर दुपारी येऊन बापाला घालत नसेल? बाप जाऊ नये म्हणून?

घरी येऊन तिने फ्रीज उघडला. डब्यात तंगडी होती. भाताची मूद होती. ग्रेव्हीच्या पेल्याचं झाकण लागलेलं होतं.

*

गुरुवारी कामावर जाताना तिने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि लायटरबरोबर पिशवीत टाकला. दिवसभर सुई चालवताना ते जड लोखंड पायाला लागत होतं आणि तिला बरं वाटत होतं.

दुपारी आली तर जिन्यात वास नव्हता. तवा गार. शेगडी गार. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि वळली.

तातायच्या पुढ्यातल्या ताटातून वाफ निघत होती.

साल वेगळी. मांस वेगळं. हाडं काठाशी.

खालच्या मजल्यावर, कारखान्याला लागून असलेल्या खोलीत, म्हातारी आलिंग पुरिंग राहायची. अंगणात कपडे वाळत घालत होती. एडिथाने तिला गाठलं.

"तुम्ही वर काही नेऊन दिलंत का, तातायना?"

"मी? तुमचा तो जिना चढायला मला गुडघे उसने दे आधी."

"मग दुसरं कुणी वर गेलं?"

"कोण जाणार? माझी खुर्ची इथेच असते." आलिंग पुरिंगने एक चिमटा दातात धरला, मग काढला. "तुझी सासू असती ना, तर तिने तुला असलं काही विचारू दिलं नसतं."

"असलं म्हणजे?"

"काही नाही ग. ऊन जाईल, कपडे वाळू देत."

संध्याकाळी एडिथाने रोडेलपुढे डबा आपटला. आत एक तंगडी, एक मूद, एक पेला.

"रोज नवीन आणतोस ना?"

"मी आज दिवसभर ग्रीनहिल्सला होतो. दुकानात बुटांची मापं द्यायला. दुकानदाराला फोन करून विचार."

"विचारीन."

"विचार ना. आणि त्याला हेही विचार, की भाऊ मेल्यावर माणसाच्या घशाखाली कोंबडी उतरते का."

तिने खरोखरच फोन केला. तो दिवसभर तिथेच होता.

*

एडिथाचा हात बारीक कामात बसलेला होता. शुक्रवारी सकाळी तिने बुटाचा मेण लावलेला काळा दोरा घेतला, तंगडीच्या हाडाच्या टोकाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. ही गाठ तिला तिच्या आईने शिकवली होती. शेवटचं टोक मागून आत घ्यायचं. कारखान्यातल्या इतर बायकांना ती येत नव्हती. मग तिने सुट्टी टाकली आणि घरीच बसली. कोण येतं ते बघायला.

दुपार झाली. ताताय खुर्चीत. ती फ्रीजसमोर, स्टुलावर. कुणी आलं नाही.

"तू आज कामावर नाही गेलीस?" ताताय म्हणाले.

"नाही."

"गेली असतीस तर बरं झालं असतं."

"का?"

भूक लागल्यावर लहान मुलं जशी ओठ चोखतात तसे ताताय ओठ चोखत होते.

शेवटी ती उठली. रेग्युलेटर बसवला, शेगडी पेटवली, आणि डॅनिलो करायचा तसंच सगळं केलं. साल वेगळी. हबका मारून भात झाकला. तंगडी तव्यावर फिरवत राहिली. दोऱ्याचं मेण जळून वास सुटला. मांसाच्या कडा काळ्या पडल्या. तिने ताट पुढे ठेवलं. तातायनी एक घास घेतला आणि हळूच परत ताटात काढला.

"गार आहे."

"गार? जळलंय ते."

तिने बोट खुपसलं. वरून चटका बसला. आत, हाडाजवळ, तिच्या बोटाला बर्फ लागला.

आणखी गरम केलं. बोट खुपसलं. बर्फ.

"ताटात राहू दे," ताताय म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखाद्याची बाजू घेताना असते तशी अजिजी होती. "तू जरा खाली जाऊन ये, पोरी. तुझ्यासमोर त्याला लाज वाटते."

तिने शेगडी बंद केली. रेग्युलेटर काढून हातात घेतला. लायटर घेतला. जिना उतरून डब्यांच्या खोलीत उभी राहिली. आलिंग पुरिंग बाहेर खुर्चीत होती. जिना एकच होता आणि त्याच्या तोंडाशी एडिथा.

वर ताटावर ताट पालथं घातल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

मग चमचा पेल्याच्या काठावर दोनदा झटकल्याचा आवाज. डॅनिलो झटकायचा तसा.

ती वर गेली.

वाफ.

ताताय जेवत होते. डाव्या हाताने, घाई न करता, डोळे मिटून. काठाशी हाडं ओळीने लावलेली. शेवटच्या हाडाला काळा दोरा.

तिने तो नखाने उलटून बघितला. टोक मागून आत घेतलेलं.

तिने फ्रीज उघडला. डबा काढला. झाकण उघडलं.

तंगडी.

तिच्या हाडाला काळा दोरा. टोक मागून आत घेतलेलं.

*

शनिवारी मेल्बा तातायचे कपडे भरायला आली. पिशवी पलंगावर उघडून ठेवली आणि एडिथाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"एकदा खरं काय ते सांग. गॅस कोण पेटवतं?"

बाहेर ताताय खिडकीत होते. नदीवर मासे धरणाऱ्यांच्या होड्या दिसत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण ते ऐकत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

ताताय पेटवतात, असं म्हटलं तर ते जाणार. माहीत नाही म्हटलं तरी जाणार. आणि जे पाहिलं ते सांगितलं, तर तार्लाकला कदाचित तिलाच नेतील.

"मी," एडिथा म्हणाली. "सकाळी जाताना मीच गरम करून झाकून ठेवते. बुधवारी मीच विसरले आणि उगाच तातायवर घेतलं. रेग्युलेटर माझ्या पिशवीत असतो, हा बघ."

मेल्बाने तो हातात घेऊन बघितला. मग फ्रीज उघडला, डबा काढला, झाकण न उघडताच हातावर तोलला.

"हा तोच डबा आहे."

"डबा तोच. आतलं रोजचं नवीन."

"रोज कोंबडीच?"

"त्यांना आवडते."

मेल्बाने डबा परत ठेवला. हात फ्रॉकला पुसला, पुन्हा पुसला. "एडिथा, तू खोटं बोलायला लागलीस की फार नीट बोलतेस," ती म्हणाली. मग पलंगाकडे गेली आणि पिशवीतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. घडी न मोडता. जाताना तिने तातायच्या कपाळाला कपाळ टेकलं. डब्याबद्दल पुन्हा विचारलं नाही आणि घरात पाणीसुद्धा प्यायली नाही.

रविवारी दफन झालं. परतताना ते दुसऱ्याच एका ठिकाणी थांबले, नुसती कॉफी घेतली, आणि कपसुद्धा तिथेच टाकले. ताताय राहिले. रोडेल त्या दिवशी पहिल्यांदा गाढ झोपला.

सोमवारनंतरही एडिथाने दुपारी घरी येणं बंद केलं नाही. तेवढं करायची हिंमत तिला झाली नाही. पण जिन्याच्या तोंडाशी ती थांबते. मोठ्याने खाकरते. पेल्यावर चमचा दोनदा वाजला की मग चढते. आलिंग पुरिंग कपडे वाळत घालता घालता तिच्याकडे बघते आणि काही विचारत नाही. रेग्युलेटर पिशवीत असतो. रोडेल म्हणतो, "ताताय सुधारलेत, नाही? अंग धरलंय." ती म्हणते, "हो."

डब्याला ती हात लावत नाही. फ्रीज पुसायचा झाला तर त्याच्या आजूबाजूने पुसते.

बुधवारी, म्हणजे दफनाच्या चार दिवस आधी, भर दुपारी चॅपलमध्ये कुणी नसताना दफनवाल्यांच्या माणसाने शवपेटीची काच उचलून डॅनिलोचा पांढरा बारोंग सदरा बदलला होता; उजव्या बाहीच्या मनगटाशी तपकिरी, ग्रेव्हीसारखा चिकट डाग पडला होता आणि त्याने बोट लावून पाहिलं तेव्हा तो कोमट होता.