अर्धा टाटा

कप्तानकाकांचं डोकं उन्हात घालायचं काम जॉर्जिनाकडे आलं, कारण दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. डोकं फायबरचं, पिंपाएवढं. गुलाबी गाल, झुपकेदार मिशा, वर निळी टोपी. बाग बंद होती तेवढ्या काळात त्या मिशांच्या आडोशाला एका पालीनं संसार थाटला होता. जॉर्जिनानं पालीला हुसकावलं, आतला स्पंज ओढून काढला आणि कुणी बघत नाही असं पाहून त्याला नाक लावलं. बुरशी, धूळ आणि त्या सगळ्याच्या तळाशी, अगदी पुसट, रॉड्नीच्या खोबरेल तेलाचा वास. बाकी सगळं डोकं तिनं सॅनिटायझरनं पुसून काढलं, पण स्पंज काही धुतला नाही. नुसताच उन्हात ठेवला.

मौजबाग ही शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला. दिवसा पाळणे आणि घसरगुंड्या होत्याच, पण कल्याण-डोंबिवलीची पोरं आईबापांचा जीव खायची ती अंधार पडल्यावरच्या दिव्यांच्या वरातीसाठी. तळ्याभोवती दिव्यांनी मढवलेला हत्ती फिरायचा, मोर फिरायचा आणि सगळ्यात शेवटी यायची बोट. बोट कसली, जुन्या ट्रॉलीवर फळ्या ठोकून केलेलं सोंग ते! पुढे ट्रॅक्टर, वर कप्तानकाका. काकांनी सगळ्यांना टाटा केला की वरात संपली.

हे काका म्हणजे जॉर्जिनाचा नवरा, रॉड्नी. ते डोकं चढवलं की माणसाला स्वतःच्या बुटांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून बोटीच्या पोटात, काकांच्या पायांखाली, एक जण अंग चोरून बसतो, फटीतून बाहेर बघतो आणि फळीतल्या भोकातून वर सांगत राहतो : डावीकडे, खालची रांग, लाल फ्रॉकवाली. हे डोळ्यांचं काम जॉर्जिनाचं. "लग्नात चर्चमध्ये फादरनी विचारलं त्यापेक्षा जास्त साथ हिनं मला ट्रॉलीत दिलीय," असं रॉड्नी चारचौघांत सांगायचा आणि ती लटकी रागवायची.

रॉड्नीचा एक नियम होता. ज्यानं हात वर केला, त्याला टाटा मिळालाच पाहिजे. "अर्धा टाटा ठेवायचा नाय, जॉर्जी. नायतर ते पोर रात्रभर हात वर करून बसेल." यापायी वरात रोज लांबायची. मॅनेजर पर्सी सर खालून ओरडायचे, पण काकांच्या कानांवर फायबर! त्यांना कुठलं ऐकू यायला?

मग तो रोग आला. बागेला टाळं लागलं आणि बागेतला लग्नाचा हॉल कोविड सेंटर झाला. दुसऱ्या लाटेत मोहन्याच्या चाळीतून रॉड्नीला उचललं, ते नेमकं त्याच हॉलमध्ये नेलं. अँब्युलन्सच्या काचा दुधी होत्या. जॉर्जिना रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवत राहिली, पार वळणापर्यंत. आतून कुणी पाहिलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ज्या गेटातून ती इतकी वर्षं कामाला आत जात होती, त्याच गेटाबाहेर डबा घेऊन उभी राहायची. एके दिवशी डबा परत आला आणि पाठोपाठ बंद पेटी आली.

रडून झालं, चर्चमध्ये त्याच्या नावाचा मासही झाला. पण एक काटा राहिलाच. त्याला दिसलं का? फादर म्हणाले, "देवाघरी सगळं दिसतं, जॉर्जिना." तिला देवाघरचं नको होतं. त्या दुधी काचेतून दिसलं का, एवढंच हवं होतं. आणि ते सांगणारं आता जगात कुणी नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर बाग उघडायला परवानगी मिळाली. रात्रीच्या वरातीचं घोडं मात्र अडलं होतं. पालिकेची माणसं येऊन एक वरात बघणार, सगळं नियमात आणि वेळेत झालं तर चालू, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत तग धरायची कुणात ताकद नव्हती. हत्तीवाला परशुराम कल्याण स्टेशनबाहेर मास्क विकत होता, मोरवाल्यानं भाजीची गाडी लावली होती.

"एक खुर्ची सोडून एक," पर्सी सरांनी सगळ्यांना बजावलं. "सोडलेल्या खुर्चीवर पिवळी फुली. तिथे कोणीही बसणार नाही. जॉर्जिना, तुम्ही फक्त भरलेल्या खुर्च्या सांगायच्या. आणि तुमचे ते लांबलचक टाटा... प्लीज. साहेबलोक घड्याळ लावून बसणार आहेत."

"हो सर," जॉर्जिना म्हणाली.

नवा काका होता प्रशांत. शहाडचा, पंचविशीतला, पार्सलं पोचवून दमलेला. त्याची आई रमाबाई बागेत झाडू मारायची. डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधून सगळ्या बागेवर राज्य करायची. तीही त्याच हॉलमध्ये गेली, आणि तिथूनच गेली. प्रशांत तेव्हा स्वतः तापानं फणफणलेला. त्याला चार दिवसांनी सांगितलं.

"आंटी, मला आत काय पण दिसत नाय," डोकं घालून बघताना तो म्हणाला. "तुम्ही बोलत राहा हां. थांबू नका."

"मी हाय ना रे," जॉर्जिना म्हणाली.

वरातीचा दिवस नेमका ऑल सोल्स डेचा, गेलेल्यांची आठवण करायचा आला. सकाळी ती सिमेट्रीत जाऊन आली, रॉड्नीच्या कबरीवर झेंडू ठेवला, मेणबत्ती लावली आणि संध्याकाळी नेहमीसारखी कामावर हजर झाली.

अंधार पडला. गेटावर ताप बघून, हातावर हिरवा चमकता पट्टा बांधून लोकांना आत सोडलं. मास्क लावलेली, एकमेकांपासून अंग राखून बसलेली माणसं. टाळ्यासुद्धा जपून वाजवत होती. हत्ती गेला, मोर गेला. मग नेहमीसारखे बागेतले सगळे दिवे घालवले आणि बोट निघाली.

बोटीच्या पोटात तेलाचा, जुन्या लाकडाचा वास कोंडला होता. जॉर्जिनानं फटीला डोळा लावला. काळोखात हिरवे पट्टे वर होऊ लागले. एक पट्टा, मधे अंधार, मग एक पट्टा. बोळक्या तोंडासारखं दिसत होतं ते. तिला वाईट वाटलं.

"डावीकडे, खालची रांग," ती वर म्हणाली. "टोपीवाला पोरगा... हां. आता त्याच्या बाजूची—"

ती थांबली. बाजूच्या खुर्चीवर तर फुली होती.

पण तिथेही एक हिरवा उजेड वर झाला होता. बाकीच्यांपेक्षा मंद, पाण्याखालून यावा तसा. आणि मग पलीकडच्या खुर्चीवर. वरच्या रांगेत. एकेक करून सगळ्या फटी भरत गेल्या. ट्रॅक्टरच्या घरघरीतूनही तिला एक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. प्लास्टिकची सळसळ. खूप माणसांनी एकदम हात वर केल्यावर व्हावी तशी.

जॉर्जिनाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आंटी?" वरून प्रशांतचा दबका आवाज. "बोला ना... कुठे करू?"

तिनं पुन्हा पाहिलं. ते कुणाला भिववत नव्हते. जिवंतांच्या मधे, आपापल्या माणसांच्या बाजूला, नुसते हात वर करून बसले होते. इथूनच गेलेली माणसं ही. इथून निघताना एकालाही कुणी टाटा केला नव्हता. तिची भीती गेली नाही, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी पोटातून वर आलं.

"टोपीवाल्याच्या शेजारी," ती म्हणाली. "हां, तिथेच. नीट कर."

प्रशांतनं हात हलवला. तो मंद उजेड हलला आणि विझला. फुंकर मारल्यासारखा नाही. आपणहून, निवांत विझला.

"त्याच्या बाजूला. आता वर..."

वॉकीटॉकी खरखरला. "जॉर्जिना! रिकाम्या खुर्च्यांना कसले टाटा करताय? वेळ बघा! साहेब बघतायत... परवानगी घालवाल माझी!"

परवानगी गेली तर परशुराम पुन्हा स्टेशनबाहेर, हा वरचा पोरगा पुन्हा पार्सलं वाहणार, आणि ती स्वतः कुठे जाणार होती? सगळं तिला कळत होतं. तिनं वॉकीटॉकी बंद केला आणि ट्रॅक्टरवाल्याला दोरी ओढून हळू घ्यायची खूण केली.

तिसऱ्या रांगेत एका पट्ट्याच्या उजेडात तिला चौकड्यांचा रुमाल दिसला. त्याखालचा चेहरा दिसला नाही. पण मान जराशी तिरकी करून, आपल्या पोराला नवीन कपड्यात बघावं तशी ती बाई बघत होती.

"प्रशांत," जॉर्जिनानं भोकाला तोंड लावलं, "उजवीकडे, तिसरी रांग. तिकडे बघून कर... घाई नको रे बाळा. दोन्ही हातांनी कर."

"कोण हाय तिकडे?"

"कर तू."

त्यानं दोन्ही हात हलवले, खूप वेळ. तो उजेड सगळ्यांत शेवटपर्यंत रेंगाळला.

बोट वळणावर आली. इथून हॉलचं दार दिसतं. तिकडे खुर्च्या नव्हत्या, तरी दाराशी एक हिरवा उजेड एकटाच उभा होता. हात वर केलेला.

जॉर्जिनानं पुढचा विचार केलाच नाही. बोटीच्या पोटातल्या माणसानं वरातीत कधीही बाहेर दिसायचं नाही, हा बागेचा कायदा. ती मागच्या झडपेतून बाहेर आली, ट्रॉलीच्या पायरीवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी टाटा करू लागली. "रॉड्नी," ती म्हणत होती, "मी होते रे... वळणापर्यंत होते..."

तो उजेड विझला नाही. ती हात हलवी तसा तो एकेक पाऊल पुढे येऊ लागला. हॉलच्या पायऱ्या उतरला, हिरवळीवर आला. तिला त्याचं काहीच दिसत नव्हतं, नुसता वर केलेला हात. खोबरेल तेलाचा वास येईल म्हणून तिनं श्वास ओढला. वास आला तो ओल्या मातीचा, फार खोल खणल्यावर येतो तसा. तेवढ्यात ट्रॅक्टरनं हिसका दिला, तोल सांभाळायला तिनं हात खाली घेऊन कठडा धरला, आणि बोट झाडांच्या मागे गेली.

दिवे लागले. पर्सी सर लालबुंद होऊन धावत आले, पण त्यांच्या आधी पालिकेच्या मॅडम पोचल्या. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"ते रिकाम्या खुर्च्यांना टाटा करायचं कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं. "माझा भाऊ गेला एप्रिलमध्ये. आम्हाला कुणाला..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते काढू नका. उशीर झाला तर होऊ दे."

पर्सी सरांनी घाईघाईनं मान डोलावली. तिकडे परशुरामनं हत्तीच्या सोंडेलाच मिठी मारली.

माणसं पांगल्यावर जॉर्जिनानं प्रशांतचं डोकं उतरवायला मदत केली. पोरगा घामानं निथळत होता आणि विचित्र नजरेनं ट्रॉलीखाली बघत होता.

"आंटी, तुम्ही वळणावर बाहेर गेलेलात ना? पर्सी सर बोलले."

"हो. चुकले रे. तुला एकट्याला सोडलं."

"एकटा कुठे... तुमच्या जागी कोण बसलेलं?"

"कोणी नाय."

"असं कसं? जेन्ट्सचा आवाज होता, दम लागल्यासारखा. 'डावीकडे, वरची रांग, अर्धा ठेवू नको' असं सगळं नीट सांगत होते." त्यानं स्पंज पुढे केला. घामानं भिजलेला स्पंज, आणि त्याला खोबरेल तेलाचा घमघमाट. "तुम्हाला निरोप पण दिलाय. बोलले, जॉर्जीला सांग, काचेतून दिसलेलं. पार वळणापर्यंत."

जॉर्जिना तिथेच ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसली. स्पंज छातीशी धरून ती रडली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या रडण्यानं तिला बरं वाटलं. काटा निघाला होता. प्रशांत बावरून तिच्या खांद्यावर थोपटत राहिला.

"अजून काय बोलले?" तिनं डोळे पुसत विचारलं.

प्रशांतनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"सांग ना रे."

"ते... मला नाय कळलं, आंटी. एकदम घाबरून बोलले. दोनदा बोलले, 'तिला सांग, हात खाली घे... दाराशी हाय तो आपल्यातला नाय.'"

तेवढ्यात परशुरामनं पलीकडे मेन स्विच पाडला. दिवे रांगेरांगेनं विझत गेले. तळं, पाळणे, खुर्च्या, सगळं काळोखात बुडालं.

जॉर्जिनानं मान वळवली. हिरवळीच्या अलीकडे, पहिल्या रांगेत, पिवळ्या फुलीच्या खुर्चीवर एक हिरवा पट्टा चमकत होता. हात हलत नव्हता. नुसता वर करून, अर्ध्या राहिलेल्या टाटाची वाट बघत कुणीतरी बसलं होतं.