शेपटी, अहिल्येसकट

गंजाडच्या फाट्यावर "विमानवाल्यांचं घर कुठलं?" असं विचारलं, की सांगणारा आधी हसू दाबायचा आणि मग हात करायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर गावी येतो, आंब्याची कलमं लावतो, फार तर ग्रामपंचायतीला उभा राहतो. काशीनाथने मात्र वडिलांच्या गवताच्या गोदामात विमान बांधायला घेतलं. पहिले सहा महिने लोकांनी थट्टा केली, मग त्यांनाही त्याची सवय झाली.

विमान खरंखुरं होतं. दोन माणसांचं, हलकं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. परदेशातून मोठाल्या लाकडी खोक्यांत सुटे भाग आले होते आणि सोबत विटेएवढी जाड पुस्तिका. पुस्तिका सांगेल तिथे भोक पाडायचं, कडा घासायच्या, दोन पत्रे एकमेकांवर बसवून रिव्हेट ठोकायचं. अशी हजारो रिव्हेटं. सगळं जुळलं की पंख सोडवून, ट्रकवर चढवून ते गुजरातेतल्या एका धावपट्टीवर न्यायचं होतं. डावीकडे काशीनाथ आणि उजवीकडे अहिल्या, हेही ठरून गेलं होतं.

अहिल्या त्याची बायको. रानशेतच्या शाळेत तिने अठ्ठावीस वर्षं पोरांना पाढे शिकवले. बांध्याने लहानखुरी, वजन सेहेचाळीस किलो, आणि जिभेला धार. "या वयात लोक काशीला नेतात बायकोला, आमचे काशीनाथ वर नेणार आहेत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण तिच्यावाचून विमानाचं पान हलत नव्हतं. रिव्हेट ठोकायला माणसं दोन लागतात. बाहेरून एकाने रिव्हेटची बंदूक लावायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. शेपटीच्या निमुळत्या नळकांड्यात शिरू शकेल असं माणूस घरात एकच होतं. आत गोधडी अंथरून अहिल्या आडवी पडायची, ठोकळा धरायची आणि ओरडायची, "हां, मारा!"

विमानात वजनाला फार महत्त्व. किती आहे आणि कुठे आहे, दोन्ही कळावं लागतं, नाहीतर उडताना ते नाक तरी खुपसतं किंवा शेपटीवर तरी बसतं. म्हणून काशीनाथ प्रत्येक भाग तोलून नोंदवहीत लिहायचा. काटा घोलवडच्या उमेशचा. उमेशची चिकूची वाडी होती, क्रेट तोलायचे त्याचे इलेक्ट्रॉनिक काटे हंगाम नसला की पडूनच असायचे.

नोंदवही ही काशीनाथची कमजोरी होती. रेल्वेत नियमच असा की नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही, पान फाडायचं तर नावच नको. चुकलंच तर लाल शाईने रेघ मारायची, खाली सही, तारीख आणि बरोबर आकडा. चौतीस वर्षांत काशीनाथच्या वहीत लाल रेघ आली नव्हती. हे तो सांगायचा फार क्वचित, पण कुणी विचारलं की सविस्तर सांगायचा.

जानेवारीत शेपटी पुरी झाली. त्या दुपारी त्याने आणि उमेशने ती उचलून काट्यावर ठेवली तेव्हा आतून आवाज आला, "अहो, मी आहे ना आत!"

"अगं, मग बाहेर ये."

"कंबर धरलीये. आता नाही हलत मी. मला धरूनच लिहा काय ते."

उमेश पोट धरून हसला. काट्यावर सत्त्याहत्तर किलो आले. काशीनाथलाही लहर आली आणि त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं : शेपटी, अहिल्येसकट, ७७ किलो. उद्या नुसती शेपटी तोलू, असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तोललीही. एकतीस भरली. पण वही उघडल्यावर त्याचा हात अडला. दुरुस्ती म्हणजे लाल रेघ. एका थट्टेपायी वहीला डाग कशाला? त्याने एकतीसचा आकडा ध्यानात ठेवला आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत अहिल्येचा गुडघा दुखायचा थांबला. तेलाचा गुण, असं ती म्हणाली. ओटीवरचा झोपाळा ती बसली की करकरायचा, तोही गप्प झाला. कड्यांना तेल घातल्याचं काशीनाथला काही आठवेना. एकदा विमानातून उतरताना तिचा पाय घसरला आणि त्याने तिला एका हाताने झेललं. उशी झेलावी इतकी ती सहज हातात आली. साठीतही ताकद आहे म्हणायची, असं वाटून तो दिवसभर खुशीत होता.

मार्चमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ती काशीनाथबरोबर कासा गावी गेली. दवाखान्यातल्या काट्याने तिचं वजन एकोणतीस दाखवलं. कंपाउंडरने काट्याला लाथ घातली आणि स्वतः उभा राहून पाहिलं. त्याचं बरोबर आलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. चांगली धडधाकट बाई, गाल जिथल्या तिथे, हातात बांगड्या घट्ट. सेल गेला असेल, म्हणत त्यांनी मागच्या वेळचे सेहेचाळीसच कागदावर लिहिले. जीपमधून घरी येईपर्यंत अहिल्या हसत होती. काशीनाथला हसू आलं नाही. काटा एकाचं वजन बरोबर दाखवतो आणि दुसऱ्याचं चूक, असं यंत्र त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग त्याचं लक्ष तिच्या चालण्याकडे लागलं. बायजी समोरच्या पाड्यावरची, त्यांच्या परसात भाजी पिकवायची. एक दिवस वांगी तोडता तोडता तीच म्हणाली, "दादा, काकींचा पाय वाजत नाय हल्ली. मी वळतंय तं त्या मागं हुभ्या. कोंबड्या बी उठत नाय त्यांना."

"वय झालं, हळू चालते."

"हळू नाय चालत," बायजी म्हणाली आणि टोपली घेऊन गेली. त्या दिवसापासून ती गोदामाच्या बाजूने जायची बंद झाली.

काशीनाथने संध्याकाळी मुद्दाम पाहिलं. अंगणाच्या कडेला सागाची वाळकी पानं पडली होती, पाय ठेवला की पापडासारखी मोडणारी. अहिल्या त्यांच्यावरून चालत विहिरीकडे गेली. एकही पान वाजलं नाही. त्याने तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, छातीचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. "बायको बरी आहे म्हणून तोंड पाडणारा नवरा मी पहिल्यांदा बघते," ती म्हणाली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात विमान स्वतःच्या तीन चाकांवर उभं राहिलं. उमेश तीन काटे घेऊन आला आणि त्यांनी प्रत्येक चाकाखाली एकेक सरकवला. भागांची बेरीज काशीनाथला पाठ होती, दोनशे एकोणनव्वद. काट्यांची बेरीज तीनशे पंचवीस आली.

"काटे बराबर आहेत, काका," उमेश म्हणाला. त्याने वीस किलोची वजनं ठेवून तिन्ही तपासून दाखवले. "आत मांय काय विसरलात काय तुम्ही? हत्यारं, बॅटरी?"

काशीनाथने टॉर्च घेऊन सगळं आतून पाहिलं. काही नव्हतं. मग त्याने कागदावर हिशेब मांडला. कुठल्या चाकावर किती भार आहे, त्यावरून जास्तीचं वजन कुठे बसलंय ते काढता येतं. छत्तीस किलो शेपटीत निघत होते, नळकांड्याच्या मधोमध, जिथे अहिल्या गोधडीवर पडायची तिथे. गोधडी कधीच काढून टाकली होती. त्याने बाहेरून पत्र्यावर हात फिरवला. गोदामाच्या सावलीत सगळा पत्रा गार होता, तेवढी जागा कोमट लागली.

उमेशला चहा पाजून त्याने वाटेला लावलं. काटे राहू दे, म्हणाला. उमेश गेल्यावर अहिल्या पदर खोचून पुढे आली. "मी चढून बघते. उद्या बसायचंच आहे मला."

ती उजव्या सीटवर बसली. आकडा दहा किलोनेच वाढला.

ती उतरली. त्याने एक काटा ओढून बाहेर काढला, त्यावर ती उभी राहिली. दहा. तिने उजवा पाय आपटून पाहिला. दहाच.

"सेल गेला असेल," ती म्हणाली, पण आवाज हलका लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा तोललं. विमान तीनशे एकोणतीस, अहिल्या सहा. काशीनाथ गोदामाच्या पायरीवर बसला. एका रात्रीत चार किलो. उरले सहा. त्याला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती. सिग्नल पडला नाही आणि गाडी सुटली, हे स्वप्न त्याला नोकरीभर पडायचं. आज तो जागा होता आणि गाडी खरोखर सुटली होती.

त्याने नोंदवही आणली. खरं तर तिथे बघण्यासारखं काही नाही, हे त्याला माहीत होतं. सत्त्याहत्तर धरून लिहिलेल्या आकड्यांची बेरीज केली. तीनशे पस्तीस. विमान तीनशे एकोणतीसवर होतं. ते लिहिलेल्या आकड्याकडे चाललं होतं.

अहिल्येने त्याच्या खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्याला तो जाणवत नव्हता.

"हे तसंच ठेवलंत तुम्ही?"

"थट्टा होती ती."

"दुरुस्त करा ना मग."

"नोंदीने वजन बदलत नाही, अहिल्या."

"मग दुरुस्त केली तर काय बिघडणार आहे?"

दुपारपर्यंत तो दुसरे मार्ग शोधत राहिला. शेपटीची रिव्हेटं ड्रिलने काढून पत्रा उघडावा, असं डोक्यात आलं. पण त्या कामाला तीन दिवस लागले असते, आणि त्याच्याकडे दीड दिवस होता. एका रिव्हेटवर ड्रिल टेकवून पाहिलं. आत काहीतरी किंचित आखडलं, ठोकळा घट्ट धरणारं माणूस आखडतं तसं. त्याने ड्रिल बंद केला.

जेवणानंतर समुद्राकडून वारा सुटला. डहाणूकडून येणारा हा वारा मे महिन्यात रोजचाच, दुपारी निघतो आणि दिवेलागणीला पडतो. गोदामाचे पत्रे वाजू लागले. "कपडे उडतील," म्हणत अहिल्या परसात गेली.

काशीनाथने लाल पेन शोधलं. ते नवंकोरंच होतं, टोपण निघता निघेना. वही मांडीवर उघडी होती. खरं सांगायचं तर त्या घटकेलाही त्याला चौतीस वर्षांच्या बेदाग नोंदींचं वाईट वाटलं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने पट्टी धरून रेघ मारली. "अहिल्येसकट" या शब्दावरून, सत्त्याहत्तरवरून, पार समासापर्यंत. खाली सही केली. तारीख घातली. बाजूला लिहिलं, ३१.

गोदामात कुठेतरी पत्रा टणकन वाजला. उन्हाने वाजतो तसाच.

त्याने काट्यांकडे पाहिलं. आकडे उतरत होते.

भराभर उतरले आणि थांबले. त्याने तिन्ही वाचले, बेरीज केली, पुन्हा वाचले.

दोनशे एकोणनव्वद.

शेपटीवर हात ठेवला. गार.

"अहिल्या!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, सुटलं! बरोबर आलं सगळं!"

उत्तर आलं नाही. पत्रे वाजत होते, ऐकू गेलं नसेल. त्याने एका चाकाखालचा काटा ओढून काढला आणि छातीशी धरून तो परसाकडे धावला. आता तिला उभी करायची, सेहेचाळीस वाचायचे आणि संध्याकाळी तिच्या हातचा चहा प्यायचा.

परसात दोरीवर कपडे नव्हते. कुंपणाला अडकले होते, एक चादर पार शेताच्या बांधावर जाऊन पडली होती. अहिल्येने दोन्ही हातांनी दोरी धरली होती. दोरी ताणलेली होती. वाऱ्याने तिचं लुगडं एका बाजूला फडफडत होतं, आणि लुगड्याबरोबर तिचे पायही.

"ओरडू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "बायजी बघेल. वारा पडेपर्यंत मला जरा धरता का?"

त्याच्या हातातला काटा खाली पडला. त्याने पुढे होऊन तिचं मनगट पकडलं.

ते वर ओढत होतं.