शालीखालची अंगठी

शालीखालून घस्सानचा हात राजिहाच्या मुठीत शिरला, काहीतरी ठेवून पुढच्या माणसाकडे सरकला, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला… ही शेजारच्या उम्म सरमदची जाड चांदीची अंगठी नव्हे! खेळाला तर तीच काढून दिली होती, साऱ्यांच्या देखत. ही बारीक, झिजून गुळगुळीत झालेली, आणि खड्याचा एक कोपरा उडालेला… तो कोपरा ओळखायला तिच्या बोटांना दिवा लागत नव्हता. ही आईची फिरोजाची अंगठी होती. हरवलेली. आणि ती हरवल्याचं पाप इतकी वर्षं राजिहाच्याच माथी होतं.

आजची संध्याकाळच तिला कोड्यासारखी वाटत होती. सख्ख्या धाकट्या बहिणीनं, बल्किसनं, लग्नानंतर पहिल्यांदाच तिला रोजा सोडायला घरी बोलावलं होतं. भाऊ घस्सान हट्टाला पेटला म्हणून, की मनातली अढी विरघळली म्हणून… कोण जाणे. शेजारीपाजारी, मित्रमंडळी जमली होती. खजूर, मसुराचं सार, आणि मग मोठ्या परातीत उपडं केलेलं, भात भरलेल्या भाज्यांचं वाफाळतं डोलमा.

"राजिहा, रोजा सुटला गं बाई, आता जपमाळ ठेव खाली," शेजारची उम्म सरमद म्हणाली होती. "देवाला काही तू जेवलीस म्हणून राग येत नाही."

सगळे हसले. बल्किसही हसली. पण इतरांची ताटं तिनं आपल्या हातानं भरली, आणि राजिहापुढे नुसती परात सरकवली…

चहा झाल्यावर दोन रांगा समोरासमोर बसल्या. रमजानात बगदादच्या घराघरांत रंगणारा तोच अंगठीचा खेळ. राजिहाच्या रांगेत शालीखालून अंगठी लपवणारा घस्सान होता. समोरून चेहरे वाचून ती शोधणारी बल्किस. मूठ रिकामी वाटली तर तिनं म्हणायचं 'उघड', अंगठी तिथंच आहे अशी खात्री झाली तर 'आण'. अंगठीच्या मुठीला चुकून 'उघड' म्हटलं, की डाव गेला आणि अंगठी लपवणाऱ्यांकडेच राहिली.

"उघड. तूही उघड. अबू सरमद, मिश्या कशाला थरथरतायत? दोन्ही उघडा."

"माझ्या मिश्यांना जेवण जास्त झालंय," अबू सरमद म्हणाले.

राजिहाला हसणं ऐकू येत होतं, पण दुरून, पाण्याखालून यावं तसं. ही अंगठी घस्साननं नेली होती, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. पोरवयातल्या वेड्या प्रेमापायी आईच्या पेटीतून काढून त्यानं ती एका मुलीला दिली होती. वडिलांना कळतं तर एकुलत्या एका मुलाला त्यांनी दाराबाहेर काढलं असतं. म्हणून राजिहा म्हणाली होती, माझ्या बोटातून दजला नदीच्या पाण्यात पडली. आणि बल्किसच्या लग्नासाठी आईनं राखलेली ती अंगठी… बल्किस ओक्याबोक्या बोटानंच सासरी गेली. पाण्याची गोष्ट तिला कधीच पटली नाही. ताईनं लपवली, एवढंच तिनं मनात धरलं.

मग आज ही इथं कशी? घस्साननं माझ्याच हातात का ठेवली?

बल्किस तिच्यासमोर येऊन थांबली. राजिहाच्या ज्या चेहऱ्यावर आजवर कुणाला एक अक्षर वाचता आलं नव्हतं, त्या चेहऱ्यावरून आसवं ओघळत होती.

"आण," बल्किस हळूच म्हणाली.

मूठ उघडली. निळा खडा चमकला, आणि खोलीतलं हसू विझलं.

"म्हणजे होती तर तुझ्याकडे," बल्किसचा आवाज चिरकला. "नदीत पडली होती ना, ताई? आणि आज माझ्याच घरात, माझंच अन्न खाऊन…"

राजिहानं घस्सानकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आईची शपथ घेऊन त्याला दिलेलं वचन तिला आठवलं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच होती."

"नाही!" शाल खाली टाकून घस्सान मध्ये आला. "मी नेली होती, बल्किस. जिला दिली, तिच्या भावानं परवा परत आणून दिली. खेळातली माझ्या खिशात टाकून ही ताईच्या हातात गुपचूप ठेवावी, पुढचं ती निस्तरेल, असं वाटलं… भित्रा आहे मी. ताईनं माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं, आणि मी ते शिवलेलंच राहू दिलं."

बल्किस मटकन खाली बसली. राजिहाचे गुडघे धरून ती कितीतरी वेळ नुसती हुंदके देत राहिली. "एकदा तरी भांडायचंस गं माझ्याशी…"

"रोजच्या नमाजात तुझं नाव घेत होते. भांडायला फुरसत कुठे होती?"

उम्म सरमदनं डोळे पुसले. "डाव बल्किसचा. आता हीच अंगठी लपवायची पाळी हिची. शोधणार राजिहा."

बल्किस शाल पांघरून आपल्या रांगेतून फिरली, आणि भिजल्या डोळ्यांनी शेवटी येऊन बसली. राजिहानं धाकटीच्या चेहऱ्याकडे किती वर्षांनी असं निवांत पाहिलं… लहानपणी साखर चोरल्यावर व्हायचा, तसाच झाला होता तो. डावी मूठ.

राजिहानं त्या डाव्या मुठीवर हात ठेवला.

"उघड," ती म्हणाली.

बल्किसनं मूठ उघडली. अंगठी तिच्या तळहातावर होती, आणि खेळाच्या नियमानं आता तिच्याकडेच राहणार होती.

"ताई, तुला कळलं होतं."

"मला काय कळतंय या खेळातलं?" राजिहा म्हणाली, आणि जपमाळ चाचपू लागली.