अंगावर घेतलेला आळ

“चाव्या ठेव हितं!”

मारुतीरावांचा आवाज मुळीच चढला नव्हता. चढला असता तर अंबुबाईला बरं वाटलं असतं... कारण रागावलेले आप्पा, तिचे वडील, तिला लहानपणापासून ठाऊक होते. सारी वखार दणाणून सोडायचे आणि घटकाभरानं निमूट पानावर येऊन बसायचे. पण आज सोप्यात ताठ उभा राहून, तिच्या तोंडाकडे न पाहता बोलणारा हा माणूस तिला सर्वस्वी परका होता. तिनं कमरेचा जुडगा सोडला आणि बाजेवर ठेवला. सतराव्या वर्षी कपाळाचं कुंकू पुसून ती ह्या घरात परत आली, तेव्हापासून गेली पंधरा वर्षं तो तिच्या कमरेला होता.

“कंग्राळीला तुझ्या मावशीकडं जा. गाडी जोडाया सांगिटलीया. माझ्या माघारी काय ते बघ, पर मी जित्ता हाय तवर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई.”

“व्हय, आप्पा,” एवढंच अंबुबाई म्हणाली.

ती रडली नाही. शेजारपाजारच्या बायांनी पुढं तेच धरून ठेवलं... बघा, डोळ्यांतनं टिपूस न्हाई काढला! खरीच असणार गोष्ट!

त्या गोष्टीची सुरुवात फार आधीची. अंबुबाई बारा वर्षांची आणि तिचा भाऊ परशराम पाच वर्षांचा असताना त्यांची आई बाळंतपणात अडली. निपाणीत त्या वेळी असं बाळंतपण सोडवील असा डॉक्टर नव्हता. बेळगावहून डॉक्टर आणायला गाडी गेली. ती परत आली तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. मारुतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. तंबाखूचा व्यापार वाढवला, आणि उराशी एकच आस धरली, की आपला पोरगा विलायतेला जाऊन डॉक्टर होईल, आणि ह्या गावातली दुसरी कुठली बाई अशी जाणार नाही! परशराम कोल्हापुरात इंटर झाला, आणि १९२७ साली वैद्यकी शिकायला एडिंबराला गेला. बंदरावर त्याला पोचवायला गेलेले मारुतीराव परत आले ते वखारीशेजारी दवाखान्याचा पाया खणायची गोष्ट बोलतच.

पोराला आईची आठवण नव्हती. त्याला घास भरवला तो आक्कानं, देवी आल्या तेव्हा उशाशी बसली ती आक्काच. आप्पांपुढं मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शाळेत पहिला नंबर आला तरी तो आधी स्वयंपाकघरात येऊन सांगायचा, “आक्का, तू सांग की आप्पांस्नी.”

विलायतेहून पत्रं यायची. पहिलं वर्ष पास, दुसरं पास, तिसरं पास... मारुतीराव ती पत्रं वखारीत मोठ्यानं वाचून घ्यायचे. १९३१ च्या दिवाळीत त्यांनी बेळगुंदीच्या केदारींची मुलगी गुणाबाई पाहिली, सुपारी फोडली, आणि पुढच्या वैशाखात परशराम येताच लग्न, असा शब्द दिला. गुणा सोळा वर्षांची होती. साखरपुड्यात अंबुबाईनंच तिच्या ओटीत नारळ घातला होता. सावळी, मोठ्या डोळ्यांची, फार न बोलणारी मुलगी.

आणि माघात ते पत्र आलं. पाकिटावर फक्त आक्काचं नाव होतं.

“आक्का, मी आजवर खोटं लिहीत आलो. शरीररचनेच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो आहे. लेखी परीक्षा नीट जाते. पण तोंडी परीक्षेला प्रोफेसर समोर बसतात, हातात एखादं हाड देतात, विचारतात, आणि मला सगळं येत असून तोंड उघडत नाही. घामानं हाड हातातून निसटतं. विद्यापीठानं आता माझं नाव पटावरून काढलं आहे. इथल्या डॉक्टरांच्या मंडळांची एक वेगळी परीक्षा असते, ती दिली तरी डॉक्टर होता येतं. पण त्याला अजून तीन-साडेतीन वर्षं लागतील. मला घरी येण्याचं तोंड नाही. इथं बर्फ पडतो आहे आणि मी पुलावर जाऊन उभा राहतो. आप्पांना कळलं तर मी जगणार नाही...”

अंबुबाई चौथी शिकलेली. ते पत्र तिनं तीनदा वाचलं. पुलावर उभा राहतो, ह्या ओळीशी येऊन प्रत्येक वेळी ती थांबत होती. मग तिनं ते चुलीत घातलं, आणि पूर्ण जळेपर्यंत तिथंच बसून राहिली.

आप्पांना खरं सांगावं? सांगितलं असतं तर त्यांनी तारेनं त्याला परत बोलावलं असतं, आणि तो परत आला नसता... त्या पुलावरून तो कुठं गेला असता, ह्याची तिला पुरती खात्री होती. दोन दिवस तिनं विचार केला. तिसऱ्या दिवशी, आप्पांचं जेवण झाल्यावर, ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“आप्पा, परशा वैशाखात येत न्हाई. मीच त्याला येऊ नगं म्हणून लिवलंय.”

मारुतीरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. “तू?”

“तिकडं अजून एक परीक्षा असती. ती दिऊनच ये म्हटलं. आधी आलास तर माझं मेल्यालं तोंड बघशील, अशी आण घातलीया.”

“आणि ती गुणा? केदारीला दिल्याला शब्द?”

तेवढा विचार अंबुबाईनं केलाच नव्हता. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यातून मारुतीरावांनी स्वतःच उत्तर काढलं.

“कळलं मला! घरात सून आली की समदं तिच्या हातात जाईल, म्हणून! तुझं कपाळ पांढरं झालं, तर दुसरीच्या कपाळाला कुंकू लागल्यालं तुला बघवंना! सख्ख्या भावाचं लगीन मोडलंस गं, सटवे!”

तो घाव वर्मी बसला. पण त्याच क्षणी अंबुबाईच्या ध्यानात आलं, की हा आळ किती चपखल आहे! ह्याच्यापुढं कोणी काही विचारणार नाही. परशा पास की नापास, हा प्रश्नच कोणाच्या मनात येणार नाही. तिनं मान खाली घातली, आणि जे म्हटलं गेलं ते खरं होऊ दिलं.

कंग्राळीत बायाक्का, तिची मावशी, एकटीच राहत होती. तिनं भाचीला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एक विळा तिच्या हातात दिला. अंबुबाई भाजी खुडायला लागली, रोपं लावायला लागली, पहाटे बेळगावच्या बाजारात टोपली घेऊन जायला लागली. हात राठ झाले. तिला त्याचं विशेष दुःख वाटलं नाही. परशरामाला तिनं लिहिलं, “आप्पांना मी सांगितलं आहे. तू घोर करू नकोस, परीक्षा दे. मावशीला बरं नसतं म्हणून मी कंग्राळीत आहे, पत्र इथंच घालीत जा.” ह्यात खोटं असं फार थोडं होतं.

मारुतीरावांनी कारण न सांगताच केदारींना लग्न मोडल्याचा निरोप धाडला, आणि मुलाला पत्र लिहिणं सोडलं. पोटच्या पोरानं बापापेक्षा बहिणीची आण मोठी मानली, मग त्याची मनधरणी कोण करणार? खर्चापुरतं गुमास्ता पाठवीत होता. आणि तिकडे परशराम समजत होता, की आप्पांना सारं कळलं आहे आणि म्हणूनच ते अबोल झाले आहेत.

दुसऱ्या वर्षी बाजारात बेळगुंदीच्या एका बाईनं अंबुबाईला ओळखलं. “गुणाला दिली की वो शेवटी, खानापुराकडं. बिजवर हाय, दोन पोरं हैत पदरी. काय करणार? ठरल्यालं मोडलं म्हटल्यावर लोक म्हणत्यात, पोरीत कायतरी खोट असंल.”

त्या दिवशी अंबुबाई टोपलीतली भाजी तशीच घेऊन परत आली. स्वतःवर आलेलं सगळं तिनं सोसलं होतं, पण हे? हे तर तिनं दुसऱ्याच्या लेकीवर लोटलं होतं! तिला जेवण गेलं नाही. “मावशी, मी एकाला वाचीवलं आणि एकीला बुडीवलं,” ती म्हणाली. बायाक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. काय झालं आहे हे तेव्हाही विचारलं नाही.

१९३५ च्या आश्विनात परशराम परत आला... डॉक्टर होऊन!

निपाणीला काय घडलं ते त्यानंच पुढं आक्काला सांगितलं. मोटारीतून उतरताच त्यानं आप्पांचे पाय धरले. समोर वखारीतली माणसं हार घेऊन उभी होती. तो म्हणाला, “आप्पा, तीनदा नापास झालो तरी तुम्ही मला टाकलं नाही... मी तुम्हांला काय तोंड दाखवू!”

“नापास?” मारुतीराव म्हणाले. “कोण नापास?”

“आक्कानं सांगितलं होतं ना तुम्हांला?”

मारुतीरावांनी लोकांना हातानंच जायला सांगितलं. मग दार लावून त्यांनी मुलाला समोर बसवलं, आणि एकेक गोष्ट विचारली. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “मी तिला सटवी म्हटलं, परशा,” ते म्हणाले. “आणि ती ‘व्हय आप्पा’ म्हणून गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक कंग्राळीला आले तेव्हा अंबुबाई गुडघाभर चिखलात उभी होती. बांधावर उभ्या असलेल्या कोटवाल्या माणसाला तिनं आधी ओळखलंच नाही. मग तो “आक्का!” म्हणून ओरडला आणि बुटांसकट चिखलात उतरला. तिच्या गळ्यात पडून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली आणि चिखलाची बोटं त्याच्या कोटावर उमटत गेली.

मारुतीराव बांधावरच थांबले होते. फार म्हातारे दिसत होते ते. डोक्यावरचा पटका काढून त्यांनी हातात घेतला. 

“अंबू,” ते शेवटी म्हणाले, “माझं चुकलं, बाळ. घरला चल.”

साडेतीन वर्षांत जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते त्या ‘बाळ’ शब्दानं आलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, “येते, आप्पा. पर आधी बेळगुंदीला जाऊ. केदारीमामांस्नी समदं सांगाया पायजे. त्यांच्या पोरीत खोट न्हवती, हे आपल्या तोंडानं सांगाया पायजे.”

मारुतीरावांचा चेहरा उतरला. पोराचं नापास होणं परक्याच्या दारात जाऊन सांगायचं! क्षणभर जुना मारुतीराव त्यांच्या भुवईत दिसला. मग त्यांनी पटका डोक्याला गुंडाळला. “चल,” ते म्हणाले.

बेळगुंदीत केदारी खळ्यावर होते. घरात गुणाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मांडीवर महिन्याचं मूल होतं. केदारींनी घरी येऊन सोप्यात घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, पण ‘कसं काय’ म्हणाले नाहीत. परशरामानंच सांगायला सुरुवात केली. तीन परीक्षा, तीन खोटी पत्रं, आक्कानं अंगावर घेतलेला आळ... काहीही न लपवता तो बोलला. आतल्या दाराशी गुणाबाई बाळाला घेऊन ऐकत उभी होती.

केदारी सारं ऐकून घेऊन मारुतीरावांकडे वळले.

“मारुतीराव, पोरगं नापास झालंय म्हणून त्या वक्ताला सांगिटलं असतं, तर काय झालं असतं? आम्ही पोरगी पोराला देत हुतो, परीक्षेला न्हवं. चार वर्सं थांबलो असतो की!”

इतकी साधी गोष्ट... आणि ती त्या घरात कोणाच्या मनातही आली नव्हती!

अंबुबाई उठली आणि गुणाच्या पायांशी वाकली. गुणानं घाईनं एका हातानं तिला धरलं.

“नगं, आक्का. तसं करू नगा.” बाळाला सावरून ती म्हणाली, “माझं काय वाईट न्हाई तिकडं. पोरं जीव लावत्यात. पर सासरी कुणी काय बोललं, की मला वाटायचं, माझ्यात काय हुतं म्हणून तुम्ही मोडलं? आरशात बघून बघून मी शोधायची... आता कळलं. तेवढं पुरं झालं मला.”

आणि तिनं बाळ अंबुबाईच्या हातात दिलं. बाळ सर्दीनं घुरघुरत होतं. परशरामानं त्याच्या छातीला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, आणि “काही नाही, बरं होईल. ऊब द्या,” म्हणून सांगितलं. हिंदुस्थानात परतल्यावर त्यानं तपासलेला तो पहिला रोगी.

परतताना दिवस कलला होता. बैलगाडी बेळगावच्या वाटेला लागली. मारुतीराव पुढं बसले होते, मागं बहीणभाऊ. मग मारुतीराव मागं न वळताच म्हणाले,

“माझी दोन्ही पोरं मला भ्याली. एकानं खोटं लिवलं, एकीनं खोटं सांगिटलं. मी काय वाघ हुतो गं, अंबू?”

आता गप्प राहणं बरं नव्हे, असं अंबुबाईला वाटलं. “व्हय, आप्पा,” ती म्हणाली, “हुता.”

मारुतीरावांचे खांदे हलले. ते हसले की रडले ते मागून कळलं नाही. ते सरकले, वळून बसले, आणि परशरामासमोर आपले गुडघे आणून म्हणाले, “सांग मला. पैल्यांदा नापास झालास, त्या दिवशीचं सांग. परीक्षेला काय इचारलं हुतं?”

परशरामानं आक्काकडे पाहिलं. तिनं मान नुसती हलवली.

“मनगटातलं एक हाड होतं, आप्पा,” तो म्हणाला. “एवढंसं. चिंचोक्याएवढं. प्रोफेसरांनी ते माझ्या तळव्यावर ठेवलं...”

“मग?”

“मला नाव येत होतं. पण ते माझ्याकडे बघत होते...”

“आणि मग?”

परशराम सांगत राहिला, आणि म्हातारा मान हलवीत ऐकत राहिला.