मावळतीकडचे घड

बागेतल्या जवळजवळ सगळ्या ओळींतले मावळतीकडचे द्राक्षांचे घड भाजल्यासारखे तपकिरी पडले होते. राधाकिशनच्या मनात एकच नाव होतं: हनुमान, बांधापलीकडचा चुलतभाऊ. उद्या आष्टीच्या ठाण्यात फिर्याद द्यायची, हे ठरलं होतं. त्याआधी पुरावा हवा, म्हणून त्यानं अंबाजोगाईहून खासगी तपास करणाऱ्या सिद्धाराम स्वामींना बोलावलं. सोबत त्यांचा मदतनीस बंकट आला.

"हनुमाननंच बागेवर तणाचं औषध मारलं," राधाकिशन म्हणाला. "आता वाइनचे कारखाने निघालेत. त्यांनी माझी द्राक्षं घेतली, त्याची न्हाई. माझी बायको गेल्यावर त्याच्या घरून डबा यायचा, तोबी बंद."

सिद्धाराम बाग फिरले. हनुमानचं शेत उगवतीला होतं. प्रत्येक ओळीत त्या बाजूचे घड टवटवीत होते. मावळतीच्या कडेला जुना लिंब होता. त्याच्या सावलीतले घड दोन्हीकडून शाबूत होते.

"भुताटकी हाय," बंकट पुटपुटला.

"मग भूत सावलीला भिणारं दिसतंय," सिद्धाराम म्हणाले.

सिद्धाराम बांधापलीकडं गेले तेव्हा हनुमान त्याच्या खोपटापुढं बाजेवर बसला होता.

"कावून मारू मी औषध? त्याची जळाली तर माझी पिकंल का?"

"मग डबा का बंद केला?"

"त्यानंच परत धाडला. माझ्यावर जळतोस म्हणला."

बागेत राबणाऱ्या बायनाबाईला सिद्धारामनी विचारलं, "घडांवरची पानं कोणी काढली?"

"मालकानं. संक्रांत झाली की मालकीणबाई काढायच्या, घडाला कवळं ऊन लागावं म्हणून. त्या गेल्या, पण मालक एकबी साल चुकले न्हाईत."

शेवटी ते राधाकिशनकडं वळले. "कारखानेवाले मालाला काय म्हणतात?"

"गोडी लई, आंबटपणा न्हाई. मागल्या साली वाइन पानचट झाली म्हणले."

"रात्री गोधडी घेता?"

"मागल्या साली लवकर ठेवली, यंदा तर संक्रांतीलाच पेटीत गेली. उकडतंय."

सिद्धाराम ओसरीवर टेकले.

"औषध कोणी मारलं नाही. बांधावरून मारलं असतं तर उगवतीची बाजू आधी जळाली असती. आत शिरून मारलं असतं तर लिंबाखालचे घड कशाला सोडले असते? मावळतीला जाळतं आणि सावलीत सोडतं, ते दुपारचं ऊन."

"ऊन काय दर साली नसतंय?" बंकटनं विचारलं.

"असतं. पण संक्रांतीनंतर ते कोवळं असायचं. शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाणारी थंडी यंदा संक्रांतीलाच गेली. गोधडी पेटीत गेली ती त्यामुळं. अशा उबदार रात्रींत द्राक्षाचा आंबटपणा जिरतो आणि वाइन पानचट होते. त्यात पानं काढलेली. घडांना आडोसाच उरला नाही. संक्रांत तीच आहे, हवा ती राहिली नाही."

राधाकिशननं बागेकडं पाहिलं.

"म्हंजे तिची रीत चुकली?"

"तिच्या वेळी बरोबर होती. पुढल्या साली पानं राहू द्या."

"तेवढं एकच काम तिच्यासारखं करत होतो, साहेब."

हनुमाननंच विष मारलं असतं तर बरं झालं असतं, असं राधाकिशनला क्षणभर वाटून गेलं.

पाहुणे गेल्यावर तो बांध ओलांडून गेला.

"दिली का फिर्याद?" हनुमाननं वर न बघता विचारलं.

"न्हाई. तू न्हवतास."

"ते मला ठाऊक हाय बे. तुला कळायला अंबाजोगाईचा माणूस लागला."

राधाकिशन बाजेजवळ आला. तो तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं हनुमान बाजेवर थोडा सरकला.