बाथरूमच्या दाराआडचा विल्फ

यात माझ्या पदरचं काहीच नाही. मला एवढं रचून सांगता आलं असतं, तर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत एकवीस वर्षं काढली असती का? हे घडलं माझ्याबरोबर तिथेच राबणाऱ्या जॅनिसला. आणि जॅनिस खोटं बोलत नाही. बोललीच तर तिचे कान लाल होतात.

गाव आमचंच, समुद्राकाठचं ब्रिडलिंग्टन. २६ डिसेंबर १९९८, नाताळचा दुसरा दिवस.

वेळ दुपारी साडेतीनची.

हो, दुपारी! भुतं काय घड्याळ बघून येतात?

जॅनिसचा बाप विल्फ गार्साइड. सत्तरच्या दशकात टीव्हीवर मोठ्या लोकांच्या नकला करायचा. पंतप्रधान, बिशप, हवामान सांगणारा, घोड्यांच्या शर्यतीचा समालोचक. विग चढवला की माणूस बदललाच म्हणून समजा. अजूनही म्हातारे लोक दुकानात जॅनिसला अडवून सांगतात, "तुझा बाप म्हणजे कहर होता, बाई!"

पण कहर घरातही चालूच. चहा मागायचा तो पंतप्रधानांच्या आवाजात, रागवायचा बिशपच्या. १९८६ साली एके दिवशी त्याने जॅनिसला फोन केला, हवामानवाल्याच्या आवाजात. तिचा दिवस आधीच वाईट गेला होता. ती कडाडली, "डॅड, कधीतरी स्वतःच्या आवाजात बोल! नाहीतर फोनच करू नकोस."

आणि फोन आपटला.

त्याच संध्याकाळी विल्फ गेला. हृदय बंद पडलं.

तेव्हापासून जॅनिसला बापाचा खरा आवाज आठवेना. बारा वर्षं झाली तरी आठवेना. "चेहरा दिसतो गं," ती मला म्हणायची, "पण तोंड उघडलं की दुसराच कुणीतरी बोलतो." आम्ही तेव्हा कांदे चिरत असायचो, म्हणून ती रडली तरी चालायचं.

टीव्हीवर विल्फचा खरा आवाज फक्त कार्यक्रमाच्या शेवटी यायचा. विग काढायचा, खिशातल्या कंगव्याने केस विंचरायचा आणि साध्या आवाजात निरोप घ्यायचा. पण वाहिनीवाल्यांनी त्या जुन्या टेपा पुसून त्यांवर दुसरंच काही भरलं. उरली एकच व्हिडिओ कॅसेट, एका तासाची. तीही विल्फ गेल्यावर आईने कुठेतरी दडवली. कुणालाच देईना.

नोव्हेंबरात आई गेली. जॅनिस आणि तिचा थोरला भाऊ डंकन आईचा बंगला आवरत होते, तेव्हा उशांच्या अभ्र्यांखाली ती कॅसेट सापडली.

"लाव की," डंकन म्हणाला. "तोवर मी दूध आणतो पेट्रोल पंपावरच्या दुकानातून. चहा टाकून ठेव."

"पावपण आण. आणि तिथे गप्पा झोडत बसू नकोस."

"जशी आज्ञा, राणीसाहेब."

तो गेला. बाहेरून कुलूप लावून गेला.

सवय, दुसरं काय! शेवटी शेवटी आईला भ्रम झाला होता. नाइटीवरच समुद्राकडे चालू लागायची. म्हणून बाहेर जाणारा दार बंद करून जायचा. खिडक्यांनाही कुलपं. आता उरलेली एकुलती एक किल्ली डंकनच्या खिशात होती आणि घरातला फोन तर परवाच तोडला होता.

जॅनिसला कुलपाचा आवाज आला. 'गाढव कुठला,' ती मनात म्हणाली आणि कॅसेट सरकवली.

पाऊण तास ती हसली. पोट धरून हसली.

मग शेवटची नक्कल आली. समुद्राकाठचं भाड्याच्या खोल्यांचं घर. बाथरूमची कडी अडकलीये आणि विल्फ आत. आपल्याला दिसतं फक्त बंद दार आणि बाहेर टॉवेल घेऊन उभी असलेली घरमालकीण. विल्फ आतून पंतप्रधानांच्या आवाजात म्हणतो, "दार उघडा!" मालकीण म्हणते, "चल, सोंगाड्या!" मग बिशप. मग हवामानवाला. प्रेक्षक लोळतायत नुसते.

शेवटी मालकीण वैतागते. "स्वतःच्या आवाजात नाव सांग, मग उघडते!"

जॅनिस टीव्हीला जवळजवळ चिकटलीच. आता येणार. आता डॅड बोलणार...

पडदा काळा झाला.

संपलं!

तासात बसवायचं म्हणून कॅसेट काढणाऱ्या कंपनीने शेवटच कापला होता. विल्फ बोलतच नाही. दार उघडतच नाही. जॅनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं वाट बघून हे?

ती यंत्र बंद करायला उठली...

टक्. टक्. टक्.

आवाज टीव्हीतून आला. पडदा काळाच होता.

"दार उघडा," पंतप्रधान म्हणाले.

प्रेक्षक हसले नाहीत. तिथे कुणी प्रेक्षकच नव्हते.

"दार उघडा," बिशप म्हणाला. मग हवामानवाला. मग समालोचक, धापा टाकत.

जॅनिसने बटण दाबलं. यंत्र बंद पडलं. वरचा लाल दिवा विझला.

टक्. टक्. टक्.

आता आवाज घरातून येत होता... बोळाच्या टोकाच्या बाथरूममधून.

ते दार उघडंच असायचं. आता बंद होतं. आतून कडी.

ती पुढच्या दाराकडे धावली. मूठ हिसकली, लाथा मारल्या, "डंकन! डंकन!" म्हणून ओरडली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे घरात बसून कालचं उरलेलं खात होते.

"जॅन," मागून पंतप्रधान म्हणाले, "किती वर्षं झाली गं?"

तिने दाराची मूठ सोडली. तिला जॅन म्हणणारा एकच माणूस होता.

"डॅड?"

"ती बाई म्हणते, स्वतःच्या आवाजात सांग." आता बिशप. "पण माझा कुठला, तेच आठवेना. तुला आठवतो ना? तू सांग. मी एकेक काढतो."

जॅनिस बाथरूमच्या दाराला टेकून मटकन खाली बसली. पलीकडे बाप अडकलेला आणि अलीकडे ती.

"हा का?" कुणी वकील बोलावा तसा आवाज.

"नाही, डॅड."

"हा का?" एक म्हातारी.

"नाही."

मग एक बारीक, कापरा आवाज. बिचकत, अडखळत.

"मग... हा... हा का गं?"

जॅनिस दारापासून मागे सरकली. हा आवाज कुठल्याच नकलेतला नाही. कोण हा? "नाही! हा नको! हा नाही!" ती किंचाळली.

दाराआड कुणीतरी एक हुंदका गिळला.



आणि मग एक भारदस्त, ऊबदार आवाज आला. बापाचा असावा असं कुठल्याही लेकीला वाटेल, असा.

"पोरी, हा बघ."

"हो!" जॅनिस रडत ओरडली. "हाच! हाच डॅड!"

खट्ट.

कडी सरकली. दार दोन बोटं उघडलं. तिच्या अंगावरून कुणीतरी गेलं. दिसलं काही नाही, पण चिरुटाचा वास आला.

विल्फने जन्मात कधी चिरूट ओढला नव्हता.

आत बाथरूम रिकामं होतं.

पाच मिनिटांत डंकन दूध घेऊन आला. जॅनिस बोळात बसलेली. तिने रडत, हसत सगळं सांगितलं. "डॅड सुटला रे, डंकन! मी ओळखला त्याचा आवाज!" आणि तो भारदस्त आवाज जमेल तसा काढून दाखवला.

डंकनचा चेहरा उतरला.

"जॅनिस... हा डॅडचा आवाज नाही."

"म्हणजे?"

"डॅडचा आवाज बारीक होता. कापरा. लहानपणी सगळे टर उडवायचे त्याची, म्हणून तर तो दुसऱ्यांचे आवाज काढायला शिकला. तुला खरंच आठवत नाही?"

जॅनिसला तेव्हा आठवला. बारा वर्षांनी, लख्ख.

ती धावत गेली. दार ढकललं, हाका मारल्या, "डॅड, तोच! तोच तुझा!" म्हणत भिंतींवर डोकं आपटलं. कॅसेट पुन्हा पुन्हा लावली. शेवटी नुसता काळा पडदा.

बंगला विकला. तिथे राहायला आलेल्या बाईंना कधीकधी घरात चिरुटाचा वास येतो म्हणे. मी त्यांना काही बोलले नाही.

कॅसेट आता माझ्याकडे आहे. जॅनिसने दिली. घरात ठेववेना आणि टाकवेना. माझ्याकडे व्हिडिओचं यंत्र नाही, म्हणून मी घेतली. म्हटलं, वाजणार कशी?

कपाटात ठेवली आहे, चादरींच्या मागे. मंगळवारी दुपारी मी इस्त्री करत होते...

आतून तीनदा वाजलं.

"हा... हा का गं?" फार हळू. बारीक.

हो म्हणावं असं फार वाटलं. पण विल्फचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही.